चारचौघांत मागितलेली माफी

दारू सोडणाऱ्यांचा गट मी शोधला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचं श्रेय देवाला गेलं.

जानेफळजवळ आमचं शेत आहे. मेथी, वांगी, कोथिंबीर लावायची आणि मेहकरच्या बाजारात नेऊन विकायची. विकायला मी एकटीच बसायचे, कारण दुपारपर्यंत आमच्या ह्यांना धड बसवत नसे. शेगावला नेऊन महाराजांसमोर शपथ घ्यायला लावली, ती परतीच्या वाटेवरच मोडली. कुणी दिलेली पुडी भाजीत कालवून घातली, त्याने नुसते जुलाब झाले.

एकदा बाजारात हे माझ्यामागे पोत्यांवर आडवे पडले होते. मेथी घ्यायला आलेल्या एका बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही नाक मुरडणार. पण ती खाली वाकून हळूच म्हणाली, "माह्या घरचे बी असेच पडत व माय. रविवारी शाळेच्या खोलीत दारू सोडलेले लोक बसतात. तिथं ने यायले."

रविवारी मी एकटीच जाऊन पाहून आले. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठाले पुरुष गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एक निवृत्त मास्तर गट चालवायचे. तेही एकेकाळी पिणारेच.

"पेशंट कुठी हाये, ताई?"

"घरी झोपले हायेत."

"त्यायले स्वतःहून वाटलं पाह्यजे. ओढून आणून फायदा नाई."

"मंग तोवर म्या काय करू?"

त्यांनी मला चहा दिला. बायकांसाठी असं काही आहे का, असं विचारलं, तर म्हणाले, अकोल्याकडे असेल, ऐकलंय.

घरी विषय काढला की शिव्या. "म्या काय बेवडा हावो का?" एकदा असंच बोलता बोलता त्यांनी माझा हात पिरगाळला. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टरमध्ये हात घेऊन मी मेथीच्या जुड्या दातांनी बांधल्या.

मग पोरीला पाहायला दुसरबीडचे लोक आले. हे पांढरा सदरा घालून बसले होते. पोह्यांची बशी पुढे करताना ह्यांचा हात इतका कापला, की पोहे मुलाच्या बापाच्या मांडीवर सांडले. पाहुणे चहा न घेता उठले. ते गेल्यावर पोरगी बापाला म्हणाली, "बाबा, माह्यं लग्न कवा जमलं, तर तुम्ही येऊ नका."

त्यानंतरच्या रविवारी हे माझ्यासोबत निघाले. माझं मनगट मोडलं तेव्हा निघाले नव्हते.

दारू सुटली. खोटं कशाला बोलू, खरंच सुटली. सुरुवातीला त्यांना घाम फुटायचा, भिंतीवर किडे दिसायचे. मास्तरांनी आम्हाला सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथे मी त्यांच्या उशाशी बसून राहिले. पुढे हे दर रविवारी स्वतःहून जाऊ लागले. आत पुरुष बोलायचे, आम्ही बायका बाहेर पायऱ्यांवर बसायचो. हसण्याचे आवाज बाहेर यायचे. बाहेर कुणी हसत नसे.

वर्ष झालं तेव्हा गटाने ह्यांचा वाढदिवस केला. नव्या जन्माचा. त्या दिवशी घरच्यांना आत घेतलं. ह्यांच्या गळ्यात हार घातला, आणि हे बोलायला उभे राहिले. मी कधी ऐकलं नव्हतं असं छान बोलले. फवारणीच्या पंपात दारू लपवली होती ते सांगितलं, तेव्हा सगळे खदखदून हसले. माझं मनगट मोडल्याचंही सांगितलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "महाराजांनंच मले इथलोक आणलं. म्या माह्या बायकोची माफी मांगतो." टाळ्या पडल्या. मास्तरांनी डोळे पुसले. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मग मास्तर म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला."

मी उभी राहिले. "यायनं तुमची माफी मांगतली," मी म्हटलं. "घरी माह्याशी त्यावर अजून एक शब्द बोलले नाईत. मनगट आजबी दुखते, हे बी यायले माहीत नाई."

मास्तर म्हणाले, "वहिनी, आज आनंदाचा दिवस हाये." कुणीतरी पेढे वाटायला घेतले. मला दिलेला पेढा मी हातातच धरून बसले.

दारात मोटरसायकलवरून उतरल्यावर हे म्हणाले, "चार लोकांत माही इज्जत घालवली तू." वर्षानुवर्षं बाजारात पोत्यांवर पडलेला माणूस हे म्हणत होता. भांडायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. एकाच हाताने, नेहमीसारखी.

नंतर एका रविवारी हे गटातून परत आले आणि चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"अवं, मास्तर म्हणत होते, घरी जाऊन माफी मांग. म्हणून मांगून राह्यलो."

मी वर पाहिलं. चेहरा प्रामाणिक होता. शाळेत दिलेला अभ्यास पुरा केलेल्या पोरासारखा. मनगटाचं मात्र त्यांनी अजूनही विचारलं नव्हतं.

"मांगतली ना?" मी म्हटलं. "मंग जा, वांग्याले पाणी द्या. मोटरीची लाइन आली हाये."

ते गेले. गावात आता त्यांना देवमाणूस म्हणतात.