लाल स्फटिकाचं सोवळं

माझ्या विद्यार्थिनीचा लाल स्फटिक नाहीसा झाला, तेव्हा काळजीच्या आधी मला वाटलं ते कुतूहल. वस्तू हरवते हे ठीक आहे, पण एखादा पदार्थ तयार कसं व्हायचं हेच विसरतो म्हणजे काय?

आमच्या बडोद्याच्या प्रयोगशाळेत आम्ही कार्बनच्या रेणूंचे असे स्फटिक वाढवतो, ज्यांतून वीज वाहते. वाकवता येतील अशा पडद्यांसाठी ते उपयोगी पडतात. कृती फारशी अवघड नाही. पदार्थ द्रावकात विरघळवायचा, छोट्या बाटलीत भरायचा, झाकण सैल ठेवायचं आणि द्रावक हळूहळू उडून जाईपर्यंत गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं मला आजवर जमलेलं नाही.

ही मुलगी करजणहून रोज अप-डाउन करायची. मराठी घरातली, पण गुजराती शब्दाशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. तिच्या बाटलीत केसासारख्या बारीक लाल सुया आल्या आणि त्यांतून वीज सुरेख वाहिली. ते मोजण्यातच सगळ्या सुया संपल्या. रेणूंची रचना तपासायची राहून गेली. पुढच्या खेपेला आले पिवळे चौकोनी तुकडे. रेणू तोच. लाल सुईत तो बहुधा पोळ्यांच्या चवडीसारखा एकावर एक बसत असणार, पिवळ्यात आडवातिडवा. पिवळ्यातून वीज जवळजवळ जातच नव्हती. त्यानंतर काहीही करा, पिवळेच.

प्रबंधाच्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, लाल म्हणजे भेसळ असणार. पुन्हा करून दाखवा, नाहीतर ते प्रकरण काढून टाका. ते काढलं असतं तर तिच्या प्रबंधात पुठ्ठाच उरला असता.

"मॅडम, मी खोटं नाही लिहिलं," ती म्हणाली. "आकडे तर तुमच्या सामेच घेतले होते ना?"

घेतले होते. त्या सुया मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मला त्या गृहस्थांचा मनस्वी राग आला.

विचार करता करता कारण सापडलं. पिवळी रचना जास्त टिकाऊ. तिचा डोळ्यांना न दिसणारा कण पडला, की दुधाला विरजण लागावं तसं सगळं द्रावण तिच्या वळणावर जातं. आणि आमच्याकडे रीत अशी, की कुणाच्या बाटलीत काही नवं आलं की सगळ्यांना हाक मारायची. पिवळे तुकडे पहिल्यांदा आले तेव्हा उघडी बाटली हातोहात फिरली होती, एकाने तर ते कागदावर ओतून पाहिले होते. तो धुरळा आता आमच्या कोटांवर, केसांत, पर्सच्या पट्ट्यांवर बसला होता. हे कळल्यावर मी घाबरायला हवं होतं, पण मला भलताच आनंद झाला.

आम्ही द्रावण गरम करून गाळलं, बाटल्या घट्ट बंद केल्या, बाहेरून धुतल्या. त्या उघडायला आता प्रयोगशाळेत कधीच न आलेला माणूस हवा होता. माझा बँकेतून निवृत्त झालेला नवरा रिकामाच होता, आणि शहराच्या समा भागातला दिरांचा तळमजल्यावरचा फ्लॅट बंद होता.

"अंघोळ तिथे गेल्यावर कर," मी त्याला बजावलं. "आपल्या दोरीवरचे कपडे घालू नकोस, नवा कोरा सदरा घाल. आणि आता मला शिवू नकोस."

"आईच्या सोवळ्याला जन्मभर नाकं मुरडलीस," तो म्हणाला, "आणि आता मला सोवळं शिकवतेस?"

"शिकवते. मोडलंस तर त्या पोरीची सगळी मेहनत पाण्यात जाईल."

तो हसत हसत गेला, पण एकही नियम मोडला नाही. रोज समाला जायचा, तिथे न्हायचा, बाटल्या पाहायचा आणि फोनवर सांगायचा, "काही नाही." इतका स्वच्छ तो आमच्या लग्नातही नव्हता.

एका सकाळी म्हणाला, "सुया आल्यात."

"रंग?"

"लाल."

मी त्या मुलीला घेऊन समाला पोचले. तिथून बाटली थेट दुसऱ्या शहरात जाणार होती, क्ष-किरणांनी रचना तपासायला. आम्हा दोघींना तिच्याजवळ फिरकायचीही सोय नव्हती. नवऱ्याने बंद खिडकीच्या काचेमागे बाटली धरली. मुलगी काचेला नाक लावून कितीतरी वेळ पाहत राहिली.

मग एकदम ती मागे सरली.

"काका, आत घेऊन जा ना. जल्दी."

"अगं, खिडकी बंद आहे," मी म्हणाले.

"तरीपण," ती म्हणाली, आणि आणखी मागे, पार फाटकापर्यंत जाऊन उभी राहिली. तिथे मग ती रडली, ओढणीचा पदर नाकातोंडावर घट्ट धरून.