मांडवाच्या खुंट्या

प्रा. सुमनताई निकम यांच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने ती या गौरवग्रंथात नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो. त्यांच्यामुळे मला विधी महाविद्यालयाच्या तीन वर्षांत एकदाही गरम चहा मिळाला नाही.

आमच्या वर्गामागे तारेचे कुंपण होते. त्याला माणूस जाईल एवढे भोक होते आणि पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमधून सरळ गेले की चहाची टपरी. सगळे कॉलेज तिथूनच जायचे. पहिल्याच आठवड्यात मी त्या भोकात अर्धा असताना मागून आवाज आला, "जाधव, तुम्ही सध्या कुठल्या बाजूला आहात?" मॅडमशी माझी ओळख झाली ती अशी, शर्ट तारेत अडकलेला असताना. मी म्हणालो, कोणाचे काही नुकसान केलेले नाही. त्या म्हणाल्या, "नुकसान लागतच नाही. दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय पाऊल पडलं की पुरे." अनधिकृत प्रवेशाचा धडा त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतला तेव्हा उदाहरणातल्या माणसाचे आडनाव जाधव होते. त्यानंतर मुख्य फाटकातून वळसा. टपरीवर पोहोचेपर्यंत मधली सुट्टी संपायची आणि चहा निवायचा.

अपकृत्यांचा कायदा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मॅडम व्याख्या सांगत नसत. "तुमच्या वागण्याने शेजाऱ्याला इजा होऊ नये, आणि झालीच तर भरून द्यावी," एवढेच सांगत. वागतही तशाच. एकदा त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या हातून गॅलरीतली कुंडी खालच्या स्कूटरवर पडली. स्कूटरवाले वर येण्याआधी मॅडम खाली पोहोचल्या होत्या. सीट नवीन बसवून दिली. कुंडी कोणी पाडली, हे त्या गृहस्थांना अजून माहीत नाही. मी त्याबद्दल विचारले तर म्हणाल्या, "काम माझं चाललं होतं ना? मग पाडली मीच."

मी वकील झालो नाही. हा माझ्यापेक्षा पक्षकारांच्या भाग्याचा भाग. वर्तमानपत्रात टोमणे मारण्याचा धंदा मी सुरू केला तेव्हा बाकीच्या गुरुजनांनी हळहळ व्यक्त केली. मॅडमनी माझी पहिली काही सदरे मागवून घेतली, बदनामीच्या अंगाने वाचली आणि दोन वाक्ये खोडून परत दिली. त्या दोन वाक्यांवर मी अजून खूश आहे, पण घरदार शाबूत आहे ते ती छापली नाहीत म्हणून.

इथपर्यंत लेख बरा चालला आहे. यापुढचे लिहिताना मान खाली जाते, पण गौरव समितीचा कार्यवाह मीच असल्यामुळे दुसऱ्याला सांगता येत नाही.

सत्कार दसऱ्याच्या आधी, मखमलाबादच्या बाजूला मॅडमच्या घराजवळच्या मैदानात ठरला. मैदानाला लागून नामदेवअण्णांचा झेंडूचा मळा आहे. मांडव उभा राहताना मी जातीने हजर होतो. व्यासपीठ मला हवे तेवढे मोठे होईना, म्हणून मी मांडववाल्याला बांधापलीकडे बोट दाखवले आणि म्हणालो, खुंट्या तिकडे घ्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पोरांनी खुंट्या ठोकल्या. एक बरोबर ठिबकच्या नळीत गेली. दोर ओढताना कडेच्या सऱ्या तुडवल्या गेल्या आणि पाणी सगळे तिथेच सांडल्याने मागचा झेंडू तहानेने माना टाकू लागला. ऐन दसऱ्याच्या तोंडावर. त्या मळ्यावर अण्णांचे वर्ष निघते.

मॅडम रोज सकाळी मळ्याच्या कडेच्या रस्त्याने फिरायला जातात. त्यांचा फोन आला: सत्काराला येणार नाही, आधी मळ्यावर या.

मी गेलो, आणि बांधावर उभा राहून चक्क त्यांचाच धडा त्यांना म्हणून दाखवला. मांडववाला स्वतंत्र कंत्राटदार आहे, नोकर नव्हे, त्याच्या चुकीचे उत्तरदायित्व समितीवर येत नाही, हे तुम्हीच शिकवले आहे.

मॅडमनी शांतपणे विचारले, "खुंट्या कुठे ठोकायच्या, हे त्याला कोणी दाखवलं?"

"मी."

"मग अर्धा धडा विसरलात, जाधव."

अण्णा मध्ये पडले. "जाऊ द्या बाई. तुमचा सत्कार हाय म्हणून मी काय बोललो नाय. माणसाचं चांगलं होत आसताना कुठं भांडत बसायचं."

अपकृत्य कायद्याच्या प्राध्यापिकेचा गौरव आम्ही अपकृत्य करून करत होतो, आणि ज्याचे नुकसान झाले तोच तिच्या मानासाठी गप्प बसला होता. इतकी वर्षे मी ज्या माणसांवर सदरे लिहिली, ते सगळे कार्यवाह, स्वागताध्यक्ष आणि निमंत्रक त्या सकाळी माझ्याच चपलांत उभे होते.

मग मॅडमनी अण्णांपुढे हात जोडले. मी घाईघाईने म्हणालो, मॅडम, कायद्याने तुमचा यात काही संबंध नाही. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कायद्याने नाही. पण मांडव माझ्या नावाचा आहे."

पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला माझ्यामुळे हात जोडावे लागले. याची भरपाई कुठल्या कलमात बसते, हे मला सापडलेले नाही.

मांडव त्याच दिवशी उतरवला. नळी बदलली, नुकसान समितीने भरले, आणि समारंभ दसऱ्यानंतर कॉलेजच्या सभागृहात, चार भिंतींच्या आत ठेवला. "आता येईन," असे मॅडमनी कळवले आहे.

सुमनताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे चांगले राहोत, रोजचे फिरणे चालू राहो. त्या रस्त्यावरून जात असल्या की आमच्यासारखे लोक बोट दाखवण्याआधी एकदा विचार करतात.

एक गोष्ट समितीच्या हिशेबात बसली नव्हती. खुंट्या उपटल्या, तरी त्यांचे खड्डे बांधापलीकडे तसेच होते. काल संध्याकाळी अण्णांना विचारून, चपला काढून मळ्यात उतरलो आणि माती ओढून एकेक बुजवत गेलो. अण्णा झेंडू तोडत होते. मी हात झटकून उठलो, तेव्हा पाटी उचलता उचलता म्हणाले, "त्या कडंला आजून एक राह्यलाय."

तोही बुजवला.