पंढरीभाऊंच्या गाडीचं हेड

टोकावड्याला रस्त्याकडेच्या आमच्या घराच्या पडवीत यांचं गॅरेज आहे. हे म्हणजे माझे मिस्टर, वाल्मिक. पंक्चर काढण्यापासून इंजिन उतरवण्यापर्यंत सगळं तिथेच चालतं. शिक्षण दहावी नापास, पण गाडीचा आवाज ऐकून तिला कुठे दुखतंय ते सांगतात. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं लिहायला जड जाणार आहे.

मोबाइलवर बघून हे पोर्टिंग शिकले. मोटारसायकलच्या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. त्यात पेट्रोल-हवा आत यायला एक वाट आणि धूर बाहेर जायला दुसरी. त्या वाटा आतून घासून मोठ्या, गुळगुळीत केल्या की गाडी चढाला दमत नाही. घासायच्या मशीनचं दातेरी बोंड अधूनमधून मेणबत्तीवर फिरवायचं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम दातांत अडकून बसतं. भंगारातली तीन हेडं यांनी शिकण्यातच फुकट घालवली. मला म्हणायचे, "भाकरी थापताना तुझ्या बोटाला जाडी कळते ना, तशी मला कळाया पायजे."

पंढरीभाऊ आमच्या आळीतले. मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या लावून रोज मुरबाडला जातात. गाडी धूर सोडायला लागली म्हणून त्यांनी नवरात्रात इंजिनाच्या कामाला दिली. पोर्टिंग त्यांनी सांगितलं नव्हतं. हेच म्हणाले, "हेड खोललंच आहे, तर करून देतो. किटल्या घेऊन घाट चढेल बघ."

पंढरीभाऊ हसले. "घाट नको रे बाबा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिपिकाला ठाण्याला न्यायची आहे. तिथपर्यंत नीट गेली की झालं."

दिपिका त्यांची थोरली. पोलीस भरतीचं मैदान होतं तिचं, पळायची परीक्षा. दोन वर्षं ती आमच्या घरावरून पहाटे पळायची. चुलीला जाळ घालायच्या वेळेला तिचे पाय वाजायचे. सकाळी सातला मैदानावर हजर राहायचं होतं.

अष्टमीला संध्याकाळी यांचा हात चुकला. हेड उलटं करून आत यायच्या वाटेत पेट्रोल ओतलं, तर पलीकडे ऑइलच्या घरात ओल दिसली. मधली भिंत घासून इतकी पातळ झाली की सुईएवढं भोक पडलं. यावर खरा उपाय एकच. हेडातलं मुरलेलं ऑइल धुऊन काढायचं, ते तापवायचं, आर्गन गॅसचं वेल्डिंग करायचं आणि मग वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हची बैठक पुन्हा घासायची. ते वेल्डिंग मुरबाडला होतं. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची. त्या दिवशी कुठलाच कारागीर हत्यार उचलत नाही. दसऱ्यालाही दुकान बंद. यांनी फोन केला तर तो वेल्डिंगवाला म्हणाला, "दादा, देवापुढे मांडलेलं कसं उचलू?" हेही उचलणार नव्हते.

नवमीला हे नुसते बसून होते. जेवलेसुद्धा नाहीत. तेव्हा मी बोलले. "ती पुट्टी हाय ना, पाण्याची टाकी बुजवायची? ती हातानं लावायची. हत्यार कुठं धराया लागतं?"

"आतल्या वाटेला टिकंल का ती?"

"दगडासारखी होते. आपल्या टाकीला तीन वर्षं झाली."

माझा देवाधर्मावर जीव आहे. देवाचा नेम मोडत नाही, एवढंच मी बघितलं. टाकीत पाणी असतं आणि हेडात पेट्रोल, हे माझ्या मनात आलंच नाही. यांच्या मनात आलं होतं. पण पंढरीभाऊंना तोंड दाखवायची लाज होती, त्यात मी वाट दाखवली. यांनी बोटानं पुट्टी लावली. दसऱ्याला पूजा उतरल्यावर इंजिन जोडलं. गाडी गोड चालली. पंढरीभाऊ सोनं द्यायला आले तेव्हा हे त्यांच्या गळ्यात पडले, मी चहा केला, पण भोकाचं नाव कोणीच काढलं नाही.

पहाटे चारला बापलेक निघाले. मुरबाडच्या अलीकडे गाडीनं मान टाकली. पेट्रोलनं पुट्टी भुसभुशीत केली आणि तिचा तुकडा व्हॉल्व्हखाली अडकला. पंढरीभाऊंनी किका मारल्या, प्लग पुसला, शेवटी दोघांनी गाडी ढकलत मुरबाडचा स्टँड गाठला. तिथून एसटीनं कल्याण, पुढे ठाणं. पोचायला साडेआठ झाले. फाटक बंद होतं.

त्याच दिवशी हे त्यांच्या घरी गेले. मीही मागे गेले. यांनी सगळं सांगितलं. "भोक पडलं ते माझ्या हातनं. पुट्टी लावली तीबी मीच. माझं चुकलं."

 पंढरीभाऊ म्हणाले, "भोक पडतं रे. काल सांगितलं असतंस तर मी शेखरची गाडी मागितली असती. शेजारीच तर राहतो."

एवढंच. शिवी नाही, काही नाही. आणि मी यांच्या मागे पदर तोंडाला लावून उभी. पुट्टीचं मी सुचवलं, हे बोलायला तोंड उघडलं नाही. यांनीही माझं नाव कधी काढलं नाही, घरातसुद्धा नाही.

चार दिवसांनी हेडाचं आर्गन झालं, बैठक घासली, तोंड सपाट करून आणलं. ती गाडी आजही धूर सोडत नाही. यांनी मात्र त्यानंतर पोर्टिंग केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "माझ्या बोटाला जाडी कळत नाय."

पुढची भरती लवकर निघाली नाही. दिपिका कंपनीत लागली. दिवसभर उभं राहून काम, सराव सुटला. सकाळी ती फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत असते. आम्ही बाजाराला निघालो की हे तिच्याजवळ गाडी थांबवतात. मागे मी बसलेली असते, तिघं बसणार नाहीत हे माहीत असूनही विचारतात, "सोडू का गो?"

"नको काका. बस येईल आता. तुमी व्हा पुढे."

ती हसून माझ्याकडेही बघते, "काकी, बऱ्या ना?" म्हणते. मी मान हलवते. आज तरी उतरावं आणि तिला सांगावं, असं दर वेळी ठरवते. मग हे गाडी पुढे काढतात आणि मी बसून राहते.