काडी कोरडी होईपर्यंत

नागपूर स्टेशनबाहेर पाऊल टाकलं ते थेट घोटाभर पाण्यात. आमच्या दुष्काळी आटपाडीत असं आभाळ भरून आलं की लोक हात जोडतात. इथं टपरीवरची माणसं मात्र निवांत तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खात उभी! मीही खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी एक प्लेट मागवली.

पण मी काही फिरायला आले नव्हते. माझी लेक शीतल रामटेकला खोली घेऊन राहते आणि नाल्यापलीकडच्या खेड्यात शाळेत शिकवते. पावसाळाभर तिचा फोन यायचा, ‘आई, नाल्याला पाणी आहे, उशीर होईल.’ तो आला की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. यंदा ठरवलं, नोकरी गेली चुलीत, पोरीला घरी आणायचं. परतीची तिकिटं दोघींची काढूनच निघाले होते.

‘चार दिवस तरी चल,’ म्हणत तिला कसंबसं तयार केलं. निघायच्या दिवशी ती अर्धा दिवस शाळेत गेली. मी गडावर जाऊन रामाचं दर्शन घेतलं. खाली नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या (भातखाचरं). उतरताना पावसानं असं झोडपलं की छत्री उलटी झाली. मी फोन लावला, “शीतल, लवकर निघ गं, गाडी चुकेल!” तरी राहवेना, म्हणून रिक्षा करून नाल्यावरच गेले.

रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) गायब! त्याच्यावरून लाल पाणी घोंघावत होतं. पलीकडे स्कूटीजवळ निळा रेनकोट दिसला. माझी शीतल.

अलीकडे रोवणी (भातलावणी) करून आलेली एक बाई दगडावर बसली होती.

“बस वं माय. काहून जीव खाऊन राहिली?” तिनं रपट्याच्या तोंडाशी खोवलेली काडी दाखवली. “तिच्या बुडाशी पाणी आहे तोवर कोणी पाय टाकत नाही. तिकडेही अशीच काडी आहे.”

तेवढ्यात पलीकडे एक ट्रॅक्टर आला. शीतलचा फोन आला. “आई, हा म्हणतोय बसा, पोचवून देतो. गाडी मिळेल आपल्याला.”

“नको! मरू दे ती गाडी!” मी ओरडले, पण फोन मध्येच कटला. तिनं ऐकलं की नाही, देव जाणे. ट्रॅक्टरवाला हात करून बोलवत होता. शीतलनं खाली वाकून काडीकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. ट्रॅक्टर एकटाच पाण्यात शिरला. मधोमध त्याचं मागचं चाक कडेला सरकलं. दोन्ही काठांवर एकच ओरडा झाला. नशीब त्याचं, कसाबसा मागं फिरला.

पुन्हा फोन आला. “आई, मले भूक लागली. मी डबा खाते, तूही खा.”

मले! माझ्या आटपाडीच्या पोरीच्या तोंडी! मला हसूही येईना, रडूही येईना. ती छत्रीखाली स्कूटीला टेकून जेवायला लागली. मग मीही प्रवासाची शिदोरी सोडली. त्या बाईला अर्धी भाकरी दिली, तिनं मला जवसाची चटणी दिली. मधून नाला वाहत होता आणि आम्ही मायलेकी दोन काठांवर जेवत होतो. पाऊस तोंडावर येत होता, पण यंदाच्या पावसाळ्यात घास पहिल्यांदाच सुखानं उतरला.

काडी कोरडी झाली तेव्हा दिवस मावळत आला होता आणि गाडी केव्हाच निघून गेली होती. शीतल आली तशी मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि गळ्यात पडून रडले.

दुसऱ्या दिवशी परतले ती एकटीच. घरी चल, हे पुन्हा बोललेच नाही.

आता इथं आटपाडीत भर पावसाळ्यातही ऊन रखरखतंय. काल तिचा फोन आला, ‘उशीर होईल.’

मी विचारलं, “काडी कोरडी झाली का गं?”

“नाही ना. मी जेवून राहिली.”

“बरं,” म्हटलं, आणि मीही ताट वाढून घेतलं.