अक्कांचा पहारा

अक्कांचं कौतुक सुरू झालं की माझ्या पोटात दुखायचं, आणि लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये ते चहाइतक्या वेळा व्हायचं. अक्का उदगीरच्या. ऑनलाइन सराव परीक्षांची यंत्रणा आम्ही दोघं सांभाळायचो. दोघांतून एकालाच विभागप्रमुख करणार होते, आणि ती खुर्ची मला हवी होती.

त्यासाठी मी यंत्रणेवर पहारा बसवला होता. कुठल्या विद्यार्थ्यानं काय दाबलं, उत्तर साठवायला किती वेळ लागला, सगळ्याची नोंद माझा प्रोग्रॅम तिथल्या तिथे करायचा. क्लासच्या सरांना ते आकडे पडद्यावर बघायला फार आवडायचं. अक्का मात्र येताजाता टोचायच्या, "अरे नांदेडकर, नाडी बघायला पेशंटच्या छातीवर बसतात का?" सगळे हसायचे. मीही कसनुसं हसायचो.

मोठ्या परीक्षेच्या दिवशी पोरं वाढली आणि प्रश्नच उघडेनात. पालक दारात ओरडू लागले. अक्का म्हणाल्या, "सर्व्हर तुझ्या नोंदी लिहिण्यातच दमून राहिलाय." मी हटून बसलो. पहारा उठवला तर बिघाड कळणार कसा?

"उठव म्हणून राहिले का मी? भूकंपानंतर आमची सगळी गल्ली रातभर जागी बसायची. घरं पडली न्हाईत, जागरणानं माणसंच पडली. मग बाबांनी पाळ्या लावल्या. एक घर जागं, बाकीची झोपलेली. तसंच कर की."

त्यांनी बिघाड तेवढे सगळे टिपायचे ठेवले. बाकी शंभरातल्या एकाच विद्यार्थ्याची नोंद, तीही परीक्षा संपल्यावर एकदम लिहायची. प्रश्न भराभर उघडू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एवढी साधी गोष्ट यांनाच का सुचावी, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

खुर्ची अर्थातच अक्कांना मिळाली. पुढे त्या हैदराबादला मोठ्या नोकरीवर निघाल्या. जाताना माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाल्या, "घे बाबा आता खुर्ची. जळून जळून लई वाळलास."

आता तिथे मी बसतो. परीक्षा सुरळीत पार पडते, सर पाहुण्यांना पडदा दाखवतात आणि न विसरता सांगतात, "हे आमच्या अक्कांनी बसवलंय." मी अजूनही जळतो. पण ज्यांच्यावर जळायचं त्या समोर नाहीत, आणि या खुर्चीत मला करमत नाही.