कोडगूची शेवटची कॉफी आणि माझे भाषण

मित्रहो, सकाळचा प्रसंग अजून सलतो आहे.

नंदुरबारला बदलून आलेले कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, इंजिनिअर आमच्याकडे आले. वडिलांच्या विकलेल्या मळ्यातली शेवटची कॉफीपूड त्यांनी आणली होती. म्हणाले, "निलगिरीच्या कॉफीची चव वेगळी. आमच्या कॉफीला संत्र्याचा वास येतो."

झाले! मातीमातीच्या चवीवर मी बोलत सुटलो. तोवर वहिनींनी सगळी पूड दुधात उकळून वर जायफळ किसले.

एक घोट घेऊन पाहुण्यांनी कप खाली ठेवला.

मी कडाडलो, "वहिनी, जायफळ कशाला?"

"भाऊ, पाव्हना शेतस ना! त्यासले काय कडू पानी देवू?" वहिनी अहिराणीत फणकारल्या.

"त्यांना बोलू नका," पाहुणे हळूच म्हणाले. "कॉफी कशी करायची ते मी सांगणार होतो, पण तुमचे बोलणे संपेना."

पाहुण्याची रीत तुम्ही तरी आधी विचारता का?