मसूर जागची हलली नाही

बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर त्या संध्याकाळी रडायचं सगळं काम माझ्या बाबांनी अंगावर घेतलं होतं. पुण्याची गाडी लागली तेव्हापासून ते दुपट्ट्यानं डोळे पुसत होते, ते गाडी हलेपर्यंत पुसतच होते. मला पोचवायला आलेली माझी मैत्रीण सुली हुंदके देत होती. माझ्या मागच्या सीटवरच्या अनोळखी म्हातारीनंसुद्धा आमच्याकडे बघून डोळ्याला पदर लावला. आई मात्र खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "डब्बा उभा ठेवजो वं, तेल सांडन." बस, एवढंच. घरातली एकुलती पोरगी दहावी होऊन पॉलिटेक्निकला पुण्याला निघालीय आणि बाईला लोणच्याच्या तेलाची काळजी! गाडी वळली तेव्हा मी मान काढून मागे बघितलं. आई चक्क हसत होती.

माझा त्या क्षणी जो चेहरा झाला असेल तो अजून उतरलेला नाही, असं मला कधीकधी वाटतं. पुढं पुणं झालं, नोकरी झाली, लग्न झालं, आता गेली कित्येक वर्षं जर्मनीत आहे. गोदामांचं सॉफ्टवेअर तपासते, टॅक्सची पत्रं वाचते, रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो, हेही शिकले. पण एक गोष्ट काही पचली नाही. माझं जाणं आईला लागलं होतं की नाही? फोनवर तिनं कधी "ये" म्हटलं नाही, "कधी येशीन" असंही विचारलं नाही. बाबा विचारायचे, भाऊ विचारायचा. ती म्हणायची, "जेवली काय? बरं, ठेव मंग." तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेलेत त्यांना हा सल कळेल. जे मागे राहिलात त्यांनी हसू नका, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हालाही धक्का बसणार आहे.

आता थोडं मागं जाते. आमच्या जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी सगळ्यांना ठाऊक. अक्षय तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या संध्याकाळी शेतात गोल कडं आखतात, मधे घागर ठेवतात, भोवती धान्यं मांडतात. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. सकाळी कोणतं धान्य सरकलं, कोणतं जागेवर राहिलं ते बघून पाऊसपाणी सांगतात. आमच्या वर्गातल्या दिलीपचं, म्हणजे दिल्याचं आजोळ तिकडचं. त्यानं लहानपणापासून ती मांडणी बघितलेली. दहावीची परीक्षा संपली, निकाल लागायचा होता, डोक्यात नुसता भुंगा. तेव्हा दिल्या म्हणाला, "पावसाचं मोठे लोकं पाह्यतीन. आपून आपलं पाहू."

देऊळघाटला सुलीच्या बाबांच्या वांग्याच्या वावरात, बांधाजवळ आम्ही मांडणी मांडली. प्रत्येकानं आपापलं धान्य निवडायचं आणि चिमूटभर कड्यावर ठेवायचं. दिल्यानं स्वतःसाठी गहू घेतला, राजाचं धान्य म्हणून. इरफाननं करडई घेतली. सुलीनं ज्वारी. मी मसूर घेतली, ती दिसायला छान म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. नियम एकच. सूर्य वर येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. लावला तर मांडणी बाटली, आणि बाटवणाऱ्याचं काही खरं नाही, असं दिल्यानं डोळे मोठे करून सांगितलं होतं.

सकाळी त्यानं आजोबांचं धोतर डोक्याला गुंडाळलं आणि भविष्य सांगायला बसला. इरफान गणितात असा होता की सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावणंच सोडून दिलं होतं. दिल्या म्हणाला, "करडी घागरीजोळ गेली. इरफान गणिताचा मास्तर होईन. पोट्टे त्याच्या भेवानं खिडकीतून उड्या मारतीन." आम्ही लोळायचे बाकी होतो. सुली हजेरीला "हजर" म्हणतानाही लाजायची, शेजारच्या मुलीला तिच्यासाठी ओरडावं लागे. "सुली सरपंच होईन. भोंग्यावर असं भाषण देईन का लोकं कानात बोळे कोंबतीन." स्वतःबद्दल म्हणाला, "गहू पार कड्याबाहेर. मी चाल्लो इमानात." हा विमानात निघालेला दिल्या जत्रेत आकाशपाळण्यात बसला की डोळे मिटून मारुतीला हाका मारायचा. इरफान म्हणाला, "अबे, इमानाच्या खाली लटकून जाशीन काय?"

मग माझी पाळी आली. पुण्याला जायचं म्हणून मी वर्षभर वर्गात नुसता धिंगाणा घातलेला. दिल्यानं मसुरीकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "संगी कोठीच जात नाही. मसूर जागची हलली नाही. बुलढाण्याच्या बाजारात वांगे विकन अन् गिऱ्हाइकासंगं भांडन." मी इतकी चिडले की त्याच्या डोक्यावरचं धोतर ओढून वावरात फेकलं. आई तेव्हा तिथंच होती. सुलीकडे वांगी तोडायला ती रोज पहाटेच यायची, कारण माल उन्हाआधी बाजारात पोचवायचा असे. टोपलं डोक्यावर घेऊन ती हे सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "खरंच कोठी जात नाही काय रे?" दिल्या म्हणाला, "नाही काकू. पाह्य ना, जिथल्या तिथं हाये." आई टोपलं सावरत निघून गेली. दोन महिन्यांनी मी पुण्याच्या गाडीत बसले ती दिल्याला खोटं पाडायच्या ईर्ष्येनंच.

या वर्षी आखाजीला गावी गेले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई दोन वर्षांपासून नागपूरला भावाकडे असते. घर विकलं. म्हणजे माझं असं गावात काहीच उरलेलं नाही. इरफाननं फोन करून बोलावलं नसतं तर मी तिकडे फिरकलेही नसते. तो म्हणाला, "ये ना बे. दिल्या अजून दर आखाजीले मांडणी मांडते. सगळेच येऊन राह्यले."

आणि मग सुरू झाली धक्क्यांची मालिका. शाळेच्या गेटवर मला घ्यायला आलेला माणूस चष्मा लावलेला, खिशाला दोन पेनं, आणि रस्त्यानं जाणारी पोरं त्याला बघून सायकलवरून उतरत होती. तो इरफान. गणिताचा मास्तर! मी गाडीचं दार उघडं टाकून त्याच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, "बारावीत एक सर भेटले अन् डोक्यात उजेड पडला. कसम से, मले बी अजून खरं वाटत नाही." मी विचारलं, पोरं खिडकीतून उड्या मारतात का? तर म्हणाला, "खिडकीले जाळी लावून घेतली."

पुढं चौकात सुली. पाच वर्षं सरपंच राहून मोकळी झालेली. मोबाइलवर कुणाला तरी पाण्याच्या टाकीवरून असं झापत होती की चहाच्या टपरीवरचे लोक कप खाली ठेवून उभे. हीच ती सुली, जिला स्वतःचं नाव सांगायला घाम फुटायचा. मला मिठी मारली आणि तशाच आवाजात कानाशी म्हणाली, "काय व, वाळली किती!" माझा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता.

दिल्या? दिल्या कुठंच गेला नव्हता. विमान सोडा, आकाशपाळण्यातही तो पुन्हा बसला नाही. बुलढाण्याच्या बाजारात वांगी विकतो. गिऱ्हाइकांशी भांडतो म्हणून प्रसिद्ध आहे. माझं भविष्य हा माणूस जगत होता आणि त्याचं विमान मी पळवलं होतं! तो मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "तुह्यं काम मीच करून राह्यलो इतके वर्ष. तू एकदा तरी मदतीले यावं का नाही?"

संध्याकाळी मांडणी झाली. तेच वावर, तोच बांध, फक्त आता ठिबकच्या नळ्या आल्यात. सगळ्यांनी आपापल्या चिमटी ठेवल्या. माझी मसूर आणायची राहूनच गेली होती, तर दिल्यानं खिशातून पुडी काढली. म्हणाला, "तुह्यी मसूर दरसाली मांडतो म्या. गेलेल्यायचीबी मांडाच लागते. नाहीतर कड्यात खिंडार पडते ना." मी जर्मनीत बाटल्यांचे रंग वेगळे करत होते तेव्हा इथं दर आखाजीला माझी मसूर मांडली जात होती. मी उगाच त्याच्या पोटावरून त्याला चिडवलं.

खरा धक्का सकाळी होता. ऊन वर आलं, आम्ही बांधावर जमलो. धोतराऐवजी दिल्याच्या डोक्याला आता टॉवेल होता. त्यानं कड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि टॉवेल काढून हातात घेतला. माझी मसूर कड्याबाहेर होती. घागरीपासून दूर, बांधाच्या अंगाला विखुरलेली, आणि मुंग्या लागलेल्या.

"संगे, एक सांगतो," तो म्हणाला. आवाजात भविष्य सांगायचा थाट उरला नव्हता. "इतके वर्ष तुह्यी मसूर कधीच हालली नाही. गहू फिरे, करडी फिरे, ज्वारी तं पार मधात जाऊन बसे. मसूर जिथल्या तिथं. तू सातासमुद्रापार, अन् मसूर म्हणे संगी घरीच हाये! मले वाटलं, माह्यी मांडणीच खोटी हाये. सोडून देणार होतो मी. पण काकू नागपूरले गेल्या ना, त्या सालापासून मसूर बाहेर जाते. तवा म्या सुलीले खोदून खोदून इचारलं."

आम्ही सगळे सुलीकडे वळलो. भोंग्यावर गाव हलवणारी ती बाई चपलेनं माती उकरत उभी होती, अगदी दहावीतल्यासारखी. "काकूनं शपथ घातलती," ती म्हणाली. "पयल्या साली मी पाह्यलं. पाहटी आम्ही वांगे तोडाले आलतो, तुम्ही लोकं यायच्या आधी. तुह्यी मसूर बाहेर गेलती. काकूनं खाली बसून एक एक दाणा येचला अन् आत ठेवला. मंग दरसाली तेच. वांगे तोडाचं काम सुटलं, गुडघे दुखत, तरी आखाजीच्या पाहटी बरोबर येत."

माझी आई म्हणजे रस्त्यात लिंबू दिसलं तर वळसा घालून जाणारी बाई. देवाच्या तांदळाचा एक दाणा सांडला तर सात वेळा नमस्कार करणारी. तिनं मांडणीला हात लावला? हात लावायचा नाही असं सगळ्यांना सांगितलेलं असताना, दरसाल? आणि त्या पहिल्या साली दिल्यानं "जिथल्या तिथं" म्हटल्यावर तोंड कोरं ठेवून विचारलं, खरंच कोठी जात नाही काय रे! स्वतःच ठेवलेल्या दाण्यांवर तिनं स्वतःच विश्वास ठेवला. स्टँडवर ती का हसली, ते मला त्या वावरात, मुंग्यांकडे बघत असताना कळलं. तिच्या लेखी मी गेलेच नव्हते. जी गेलीच नाही तिला "ये" कशाला म्हणायचं?

मी तिथूनच नागपूरला फोन लावला. भावानं तिच्या कानाला लावून दिला.

"आई, मी सुलीच्या वावरात आहे. मांडणीपाशी." मला वाटलं होतं ती आढेवेढे घेईल. ती सरळ म्हणाली, "सुलीनं सांगलं काय?"

"हो. तू हात लावायचीस?"

"मंग काय करू? बाहेर मुंग्या असतेत." जणू वाळत घातलेली कुरडई उचलून ठेवल्यासारखं ती बोलत होती. मला रडू फुटलं. वीसेक वर्षांचं तुंबलेलं, तिथंच, मास्तर आणि माजी सरपंच आणि वांगेवाल्याच्या समोर. "तुले काही झालं असतं तर? बाटवणाऱ्याचं वाईट होतं म्हणे," मी म्हटलं. बोलताबोलता माझंही "तुला" कधी "तुले" झालं होतं.

"होऊ दे ना. म्हातारीचं काय होते?" ती म्हणाली. मग एकदम हळू, बाबा विचारायचे तशा आवाजात, जो तिच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता, तिनं विचारलं, "यंदा कोठी हाये वं तुह्यी मसूर?"

दिल्या माझ्याकडे बघत होता. मी फोन कानाशी धरूनच खाली बसले. मुंग्या झटकल्या. एक एक दाणा वेचला आणि कड्याच्या आत, गव्हाच्या शेजारी ठेवला. इतकी वर्षं मांडणीला कोणाला बोटही लावू न देणारा दिल्या पाठ फिरवून वांग्यांकडे बघत उभा राहिला.

"आतच आहे, आई," मी म्हटलं. "जिथल्या तिथं."